बोर्निओ: अठरा दिवस पुरले का? (नाही)

रानभूल

सकाळचे सहा वाजून गेले असतील. किनाबातांगान नदीवर धुकं इतकं खाली आलेलं की होडीचं नाकही धड दिसेना. नावाड्याने इंजिन बंद केलं, वल्ह्याने होडी काठाशी धरली आणि हळूच म्हणाला, "गाजाह." कुणी अर्थ न सांगता मला कळलेला मलय भाषेतला हा पहिला शब्द. काठावरचं उंच गवत हललं, एक सोंड वर आली, तिने गवताचा जुडगा उपटला, पायावर दोनदा आपटून माती झटकली आणि तोंडात घातला. मग दुसरी सोंड. मोजले तर अकरा भरले. एक पिल्लू आईच्या पोटाखालून बाहेर यायलाच तयार नव्हतं.

बोर्निओचे हत्ती इतर आशियाई हत्तींपेक्षा चणीने लहान, शेपूट मात्र लांब, काहींची जवळजवळ जमिनीला टेकते. सगळे मिळून हजाराच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक मलेशियाच्या साबाह राज्यात. माझा आनंद गगनात मावत नव्हता. मग धुकं उठलं. गवतामागे झाडांचा एक पट्टा, आणि त्याच्यामागे ओळीत लावलेले पामतेलाचे मळे, नजर पोचेल तिथपर्यंत. नावाडी म्हणाला, "इथे प्राणी पटकन दिसतात असं सगळे पर्यटक खूश होऊन सांगतात. दिसणारच. मागे सरकायला जागाच कुठे आहे?"

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. नाहीतर बोर्निओवर लिहायचा कंटाळा तीन महिने यशस्वीपणे केलाच होता.

आधी आमची चूक सांगते. नकाशात बेट बघून नवऱ्याने आखलं होतं: कुचिंग, मुलू, ब्रुनेई, कोटा किनाबालू, सांडाकान, वेळ उरला तर खाली कालिमांतान. वेळ उरला तर! ग्रीनलंड आणि न्यू गिनीनंतरचं जगातलं हे तिसरं मोठं बेट, साधारण ७ लाख ४३ हजार चौरस किलोमीटर. त्यात तीन देश. उत्तरेला मलेशियाची सारावाक आणि साबाह ही राज्यं, मधे चिमुकलं ब्रुनेई, आणि उरलेला जवळपास तीन चतुर्थांश भाग इंडोनेशियाचा, तोच कालिमांतान. ब्रुनेई आणि कालिमांतान आम्ही मुकाट्याने गाळले, तरी चार विमानं झालीच.

आणखी एक गंमत. क्वालालंपूरहून कुचिंगला गेलो. देशातल्या देशात विमान म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी. उतरलो तर पुन्हा इमिग्रेशनची रांग! १९६३ साली मलेशियात सामील होताना साबाह आणि सारावाकने कोणाला आत घ्यायचं याचा अधिकार स्वतःकडे ठेवला, तो आजही आहे. कुचिंगहून कोटा किनाबालूला जातानाही तेच. पासपोर्ट हाताशी ठेवा.

कुचिंगहून बाको. १९५७ सालचं, सारावाकमधलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. गावाच्या धक्क्यावरून होडी, आणि होडी कधी सुटणार ते भरती-ओहोटीवर. ओहोटी असेल तर गुडघाभर पाण्यात उतरून चालायची तयारी हवी. तिथे खारफुटीत प्रोबॉसिस माकडं दिसली. नर म्हणजे लोंबतं नाक, सुटलेलं पोट आणि चेहऱ्यावर कायमची नाराजी. इथले लोक याला 'मोन्येत बेलांदा' म्हणतात, म्हणजे डच माकड. वसाहतीच्या काळात कुणीतरी राग काढून घेतलेला दिसतो. पोट सुटण्याचं कारण मात्र खाबूपणा नाही. पानं आंबवून पचवण्यासाठी त्याला मोठं, कप्प्यांचं जठर लागतं. गोड पिकलेली फळं त्याला चालत नाहीत, पोट फुगतं. कँटीनबाहेर दाढीवाली रानडुकरं पाळीव असल्यासारखी फिरतात, आणि मकाक माकडं दरोडेखोर आहेत. माझ्या हातातलं बिस्किट नाही, अख्खी पिशवी गेली.

कुचिंगजवळच्या सेमेंगोहच्या केंद्रात सकाळी नऊला ओरांगउटानना फळं ठेवतात. तासभर उभे राहिलो, एकही आला नाही. जंगलात फळांचा हंगाम होता. रेंजर हसत म्हणाला, "आज आमचं काम चांगलं झालं." बसमधले अर्धे लोक वैतागले होते. मला त्याचं म्हणणं पटायला दुपार व्हावी लागली, खोटं कशाला बोलू.

बातांग आइच्या तलावावरून लांब होडीने इबान या स्थानिक जमातीच्या एका लाँगहाउसला दोन रात्री राहिलो. लाँगहाउस किती मोठं हे लांबीने नाही, दारांवरून सांगतात. आमचं बावीस दारांचं. प्रत्येक दारामागे एका कुटुंबाचा 'बिलिक', आणि सगळ्या दारांपुढून जाणारी एकच लांबलचक पडवी, 'रुआई'. वेताच्या चटया विणणं, पोरांचे अभ्यास, भांडणं, पाहुणे, सगळं रुआईवर. तरुण मंडळी कामाला शहरात, त्यामुळे बरीच दारं बंद होती. पहिल्या रात्री तांदळाची दारू, तुआक, पुढे आली. मी घेत नाही, नको म्हणाले. शेजारच्या आजींनी माझा हात धरला, माझं बोट पेल्याला लावलं आणि मग माझ्या ओठांना. समोर आलेलं अन्न न शिवता नाकारलं तर वाटेत काहीतरी वाईट घडतं, अशी समजूत. शिवलं की झालं, प्यायलाच हवं असं नाही. नाही म्हणण्याची इतकी सोयीची रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

मुलूबद्दल, म्हणजे सारावाकमधल्या गुहांच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल, थोडक्यात: रस्ता नाही, पंख्याच्या छोट्या विमानाने जावं लागतं. संध्याकाळी डीअर केव्हच्या तोंडाशी बाकांवर बसायचं. लाखो वटवाघळं बाहेर पडतात, आकाशात काळी दोरी वळत जावी तशी. पहिल्या दिवशी पाऊस, एकही बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आली. गुहेतल्या वासाबद्दल काही लिहीत नाही.

बाकी प्रतिसादांत विचारा. जळवांचा विषय कुणीतरी काढणारच.

शेवटचीगाडी

वाचनखूण साठवली. प्रचि (फोटो) कुठे आहेत?

आम्ही पुढच्या उन्हाळ्यात जायचं म्हणतोय, मुलं ७ आणि १० वर्षांची. काढतेच विषय: जळवा. आणि मलेरिया?

रानभूल

प्रचि टाकते, मोबाइलवरचेच आहेत, हत्ती म्हणजे करड्या बटाट्यांसारखे आलेत.

जळवा: पाऊस पडून गेला की असतातच. दोन प्रकार भेटले. तपकिरी जमिनीवरून चढते आणि चावल्याचं कळतही नाही. पट्टेवाली, जिला टायगर लीच म्हणतात, ती पानांवर टपून बसते आणि चावली की मुंगी डसल्यासारखं होतं. गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे मोजे मिळतात, ते बुटाच्या आत आणि पँटच्या वर. चिकटलीच तर मीठ, काडी, तंबाखू यातलं काही करायचं नाही, त्याने ती पोटातलं जखमेत ओकते. बारीक टोकाकडून, म्हणजे तोंडाकडून, नख आडवं सरकवायचं, सुटते. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त पांढरे कपडे नेऊ नका.

मलेरिया: तिथे माकडांकडून डासांमार्फत माणसांत येणारा एक प्रकार आहे, नोलेसी. जंगलात राहणार असाल तर मुलांच्या डॉक्टरांशी निघायच्या महिनाभर आधी बोला. संध्याकाळी पूर्ण बाह्या.

मिरीकर

नावावरून कळलंच असेल, तेलाच्या नोकरीत सहा वर्षं सारावाकमधल्या मिरीत काढली. लेख आवडला, पण ब्रुनेई गाळल्याबद्दल निषेध.

नकाशा नीट बघा. ब्रुनेईचे दोन तुकडे आहेत, आणि मधे सारावाकचा लिंबांग जिल्हा पाचरीसारखा घुसलेला. पूर्वी मिरीहून गाडीने कोटा किनाबालूला निघालो की मलेशियातून बाहेर, ब्रुनेईत आत, ब्रुनेईतून बाहेर, लिंबांगमध्ये आत, पुन्हा बाहेर, तेम्बुरोंगमध्ये (ब्रुनेईचा दुसरा तुकडा) आत... शिवाय सारावाक-साबाह सीमेवर वेगळे. एका फेरीत पासपोर्टची दोन पानं खलास. २०२० साली ब्रुनेईच्या दोन तुकड्यांना खाडीवरून जोडणारा सुमारे ३० किलोमीटरचा पूल झाला, त्यामुळे थोडे शिक्के कमी झाले.

ब्रुनेईत बघायचं ते काम्पोंग आयेर. पाण्यावर खांब रोवून उभं गाव: घरं, शाळा, मशिदी, सगळं लाकडी फळ्यांच्या वाटांनी जोडलेलं. शेकडो वर्षं जुनी वस्ती. पलीकडे जायला छोट्या होड्या, हात केला की थांबतात. दारू विकत मिळत नाही, संध्याकाळी शहर लवकर झोपतं. सिंगापूरचे डॉलर तिथे तितक्याच किमतीला चालतात.

अवांतर: नोव्हेंबर ते फेब्रुवारी सारावाकच्या किनाऱ्यावर मोसमी पाऊस भरपूर. तेव्हा बाकोच्या होड्यांचा भरवसा धरू नका.

दोनपिशव्या

शाकाहारी माणसाने काय खायचं? पाकिटं न्यावीत का? :(

मिरीकर

पाकिटं न्या, पण लागणार नाहीत. अडचण मांसाची नाही, 'बलाचान'ची आहे. कोळंबीच्या जातीच्या बारीक जीवांचा आंबवलेला गोळा, पालेभाजीत सर्रास पडतो. नुसतं "भाजी" मागितलीत तर तीही यातच परतून येईल. "ताक माउ बलाचान, ताक माउ दागिंग, ताक माउ इकान" पाठ करा: बलाचान नको, मांस नको, मासा नको.

सारावाकला जाऊन 'मिदिन' न खाता परत येऊ नका. कोवळ्या नेच्याचे वळलेले कोंब, लसणीवर मोठ्या आचेवर परततात, चावताना कुरकुरतात. कुचिंगचा प्रसिद्ध लाक्सा मात्र तुम्हाला वर्ज्य, कोळंबी असते.

घुबडपंथी

मलय भाषेचा विषय निघालाच आहे तर: किंमत म्हणजे 'हार्गा', आपल्या संस्कृतातला अर्घ. पती-पत्नी 'सुआमी-इस्तेरी', माणूस 'मानुसिया', जमीन 'बुमी'. आणि 'दोसा' म्हणजे पाप. डोसा हवा असेल तर 'तोसाई' मागा.

आता मुद्द्याचं. बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत आणि किनाबातांगानवर आठही दिसू शकतात. मला सहा मिळाले. गेंड्यासारखं शिंग मिरवणारा ऱ्हायनोसरस हॉर्नबिल सारावाकच्या राजचिन्हात आहे. पण पहिला नुसता ऐकू आला: पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा, मान वर करेपर्यंत गेलासुद्धा. मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून आठवडेच्या आठवडे फळं आणून देतो. तो मेला तर आतली सगळी उपाशी. म्हणून जुनी, मोठ्या ढोलीची झाडं तोडली की धनेश जंगल असूनही संपतात.

जमलं तर दानुम व्हॅलीला जा. कधीच न तोडलेलं जंगल, खर्चिक आहे. तिथे प्राणी कमी दिसतील. रानभूल यांच्या नावाड्याचं म्हणणं तिथे उलट्या बाजूने कळतं: त्यांना लपायला जागा आहे.

आणि संध्याकाळी सहाला एक रातकिडा सुरू होतो, सहा म्हणजे सहा. पहिल्या दिवशी मला वाटलं कुणीतरी करवत चालवतंय.

हिरवट

सगळे इतके भारावलेत म्हणून थोडं खारट बोलतो. फळांच्या ताटावर ओरांगउटान बोलवायचे आणि दोनशे लोकांनी फोटो काढायचे, याला प्राणिसंग्रहालय म्हणायचं की नाही? होडीवाले एका हत्तीच्या कळपाभोवती दहा होड्या आणतात, हे लेखात सोयीस्करपणे गाळलंय. आणि पामतेलाला नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या साबणाच्या आणि बिस्किटांच्या वेष्टनामागची यादी वाचावी. बाकोच्या माकडाने नेलेल्या त्या बिस्किटांपासून सुरुवात करू या.

रानभूल

बिस्किटांचं मान्य! वेष्टनावर पामतेल होतंच.

होड्यांचंही मान्य. आम्ही पहिले होतो, दहा मिनिटांत सात होड्या आल्या. एकाने इंजिन चालूच ठेवलं, पिल्लू मागे पळालं. आमच्या नावाड्याने होडी वळवली आणि आम्हाला परत आणलं. तेव्हा मी मनातून रुसले होते, म्हणून लिहिलं नव्हतं.

ताटाबद्दल मात्र वाद घालते. साबाहमधलं सेपिलोकचं ओरांगउटान केंद्र १९६४ पासून चालू आहे. तिथे येणारी पिल्लं आई मेल्यामुळे किंवा कुणी पाळल्यामुळे आलेली. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांत एक पिल्लू देते आणि तेवढी वर्षं त्याला चढायला, फळं ओळखायला, रोज नवं घरटं बांधायला शिकवते. ते शिक्षण चुकलेल्याला थेट जंगलात सोडून कसं चालेल? फळं मुद्दाम कंटाळवाणी आणि तीच तीच देतात, म्हणजे त्यांनी स्वतः शोधायला लागावं. शेजारीच सनबेअर या छोट्या अस्वलांचं केंद्र आहे, तिथे जास्त वेळ द्या, गर्दी कमी.

हिरवट

केंद्राला विरोध नाही, बघ्यांच्या गॅलरीला आहे. आणि केंद्रांवर समाधान मानू नका. मलेशियातला शेवटचा सुमात्री गेंडा, इमान नावाची मादी, नोव्हेंबर २०१९ मध्ये साबाहतच मेली. तिच्यासाठीही केंद्र होतं, डॉक्टर होते. पिलं जन्माला घालायला तोवर गेंडेच उरले नव्हते.

कोरडाओला

इंडोनेशियाची बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लॉगिन झालो.

कुमाई बंदरातून 'क्लोतोक' घ्या. दुमजली लाकडी होडी, वर झोपायचं, खाली स्वयंपाक. तीन दिवस सेकोन्येर नदीने तांजुंग पुतिंगच्या जंगलात. ओरांगउटानच्या अभ्यासक बिरुते गाल्दिकास यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला कॅम्प लीकी तिथेच. वरच्या वळणावर नदीचं पाणी काळ्या चहासारखं होतं, कुजलेल्या पानांमुळे. रात्री काजव्यांनी झाड उजळतं. मच्छरदाणीत पडून बघायचं, दुसरं काम नाही.

कोरडा मोसम चांगला, पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास धूर असू शकतो. दलदलीतली कुजट माती सुकली की जमिनीखालून जळत राहते, विझवता विझत नाही. १९९७, २०१५ आणि २०१९ ला शेजारच्या देशांपर्यंत आकाश पिवळं झालं होतं.

आणि संस्कृत शब्दांवरून: पूर्व कालिमांतानमधल्या कुताई इथे मूलवर्मन राजाचे दगडी यूप (यज्ञाचे खांब) सापडले आहेत. साधारण इसवी सन ४०० च्या सुमाराचे, पल्लव लिपी, संस्कृत भाषा, ब्राह्मणांना गाई दान दिल्याचा उल्लेख. इंडोनेशियातले सर्वांत जुने लेख हेच. वडिलांचं नाव अश्ववर्मन, पण आजोबांचं कुंडुंगा, अस्सल स्थानिक. एका पिढीत नावं बदलली. बघायला मात्र जाकार्ताच्या संग्रहालयात जावं लागतं. आता त्याच प्रांतात इंडोनेशिया नवी राजधानी उभारतोय, नुसांतारा.

दोनपिशव्या

किनाबालू शिखर कुणी चढलंय का? गुडघे पन्नाशीचे आहेत.

घुबडपंथी

चढलोय. ४,०९५ मीटर. परवाना आणि वाटाड्या सक्तीचा, रोजची माणसं मर्यादित, म्हणून महिनोन्‌महिने आधी ठरवावं लागतं. पहिल्या दिवशी पानालाबानपर्यंत, तिथे मुक्काम, रात्री दोनला उठून दोर धरत उघड्या ग्रॅनाइटवर. चढणं जमेल. उतरताना दुसऱ्याच दिवशी बावीसशे मीटर खाली यायचं असतं, गुडघे तेव्हा जाब विचारतात. मी चार दिवस जिने उलटा उतरत होतो.

काडाझान-दुसून लोकांसाठी हा मृतांच्या आत्म्यांचा डोंगर आहे. जून २०१५ च्या भूकंपात वर १८ जण गेले, त्यात शाळकरी मुलं आणि त्यांचे वाटाडेही. वर दंगा करू नका एवढंच.

चढायचं नसेल तर पायथ्याच्या उद्यानात दोन दिवस राहा. घटपर्णी, ऑर्किड, थंड हवा. रानाउच्या रस्त्याला कुणाच्या घरापुढे 'राफ्लेशिया फुललंय' अशी पाटी दिसली तर गाडी थांबवा, हे अवाढव्य फूल आठवडाभरही टिकत नाही.

शेवटचीगाडी

सिपादान कुणी केलंय? नवऱ्याला डायव्हिंग करायचंय.

मिरीकर

केलंय. रोजचे परवाने मोजके, बेटावर राहायला बंदी, सेम्पोर्नाहून जायचं. त्या पूर्व किनाऱ्यावर पूर्वी अपहरणं झाली आहेत, त्यामुळे बरीच वर्षं रात्री समुद्रात संचारबंदी होती. जाण्याआधी ताज्या सूचना बघा.

एक विनंती. सेम्पोर्नाच्या आसपास बाजाउ लाउत लोकांच्या होड्या भेटतील. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर राहणारे, त्यातल्या अनेकांकडे कुठल्याच देशाचे कागद नाहीत, म्हणून मुलांना शाळा नाही. सहलवाले तिथे होडी थांबवून मुलांना खाऊ टाकायला सांगतात. आमच्या सहलीतही तेच झालं. मी टाकला. नंतर फोटो बघताना मलाच ते बघवेना.

शेवटचीगाडी

धागा वर काढतेय. आम्ही सध्या किनाबातांगानच्या काठी, सुकाऊला आहोत. सेमेंगोहला दोघं आले, आई आणि पिल्लू. सिपादानचा परवाना मिळाला नाही, नवरा गप्प आहे.

किनाबातांगानवर तीन दिवसांत सहा फेऱ्या झाल्या. प्रोबॉसिस भरपूर, मगर एक, धनेश चार जातींचे. हत्ती नाहीत. नावाडी म्हणाला कळप नदीच्या वरच्या अंगाला गेलाय, महिनाभर तरी इकडे यायचा नाही. मोठीने काठावरची वाळलेली लीद दाखवून त्याला तीन वेळा विचारलं की ही नक्की त्यांचीच ना.

जळू एक. धाकट्याच्या कानामागे. नख आडवं सरकवलं, सुटली. तो रडला नाही, मी ओरडले.